ताईच्या रिसेप्शनचं मॉकटेल काउंटर, एप्रिलचं सोलापूर आणि ६० किलो बर्फ

५ पैकी ३. त्या तीनमधला एक स्टार काउंटरमागं उभ्या असलेल्या पोराचा आहे, मालकाचा नाही, ते आधीच सांगून ठेवतो. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण भांडणानंतर माणूस नीट वागला, आणि सोलापूर असं गाव आहे की आज नाव टाकलं तर उद्या नवी पेठेत समोरासमोर गाठ पडणार आणि वर चहा पाजावा लागणार. पण जे झालं ते सगळं लिहितो, कारण सगळे रील बघून बुकिंग करायलेत आणि आम्ही पण तेच केलं.

माझं थोडं सांगतो म्हणजे मी एवढा का बोलतोय ते कळेल. पुण्यात मी पाच वर्षं ड्रिंक्सच्या इव्हेंटमध्ये काम केलंय. कॉलेजात असताना प्रमोटर म्हणून सुरुवात, म्हणजे कंपनीचा टीशर्ट घालून ट्रे घेऊन फिरायचं आणि 'सर ट्राय करा' म्हणायचं. मग बारबॅक. बारबॅक म्हणजे बर्फ आणणारा, ग्लास धुणारा, लिंबं चिरणारा आणि शेवटी कचऱ्याची पिशवी उचलणारा, थोडक्यात हमाल. दीड वर्षानं शेकर हातात मिळाला, म्हणजे ड्रिंक्स बनवायला मिळाली. आता परत आलोय, घरचा टॉवेलचा धंदा बघतो, पण कुठं काउंटर दिसलं की नजर आधी मागच्या बाजूला जाते. पुढची एलईडी बघायला बाकीचे असतात की.

तर ताईचं लग्न ठरलं, मुलाकडचे विजापूरचे, रिसेप्शन आपल्याकडं विजापूर रोडच्या बाजूच्या एका लॉनवर, एप्रिलचा शेवटचा आठवडा, ३५० माणूस. दारूचा विषय घरात दोन दिवस चालला. मुलाच्या मित्रांचा आग्रह होता की थोडी व्यवस्था असू दे, एका कोपऱ्यात, कुणाला कळणार पण नाही. मी म्हटलं कळतं, सगळ्यांना कळतं. आपल्याकडं कायदा १९४९ चा, नाव दारूबंदीचं आणि त्याच्याखालीच पिण्याचे परवाने मिळतात, आहे की नाही गंमत. लॉनवर द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून त्या दिवसापुरतं लायसन्स काढायचं, शिवाय पिणाऱ्याकडं परमिट पाहिजे, एका दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १००, आयुष्यभराचं १०००. वय २५ पूर्ण लागतं, बिअरला २१. मुलाचे निम्मे मित्रच २३-२४ चे होते. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, "माझ्या पोरीच्या लग्नात बाटली दिसली तर मी मांडवात येत नाय." झालं. मॉकटेल, म्हणजे बिनदारूच्या ड्रिंक्सचं काउंटर ठरलं. मित्र मंडळी नंतर पार्किंगमध्ये गाडीत बसून काय करत होती ते मी बघितलं नाही असं समजा.

दुकान जुळे सोलापूरकडं. मालक बोलायला एक नंबर, मोबाईलवर रील दाखवतो, पोरगं बाटली फिरवतंय, काउंटरवर जाळ, ग्लासातून धूर, नवरा-नवरी मधून एंट्री मारतेत. भाव असा: ३०० ग्लासचे २४,००० म्हणजे ग्लासला ८० रुपये, बाटली फिरवणाऱ्या पोराचे वेगळे ३,०००, धुराचे २,५००, लायटिंगच्या काउंटरचे २,५००. एकूण ३२,०००. वरचा प्रत्येक ग्लास परत ८० नं. मी दोनच प्रश्न विचारले, बर्फ कुठनं आणता आणि ग्लास धुवायला पाणी किती आणता. मालक माझ्याकडं असा बघायला लागला की मी काय इन्कम टॅक्सवाला आहे. "दादा त्याचं टेन्शन घेऊ नका, सगळं आमच्याकडं." ताई मागून चिमटा काढायली की पुरे कर, मग मी गप्प बसलो. तिथं गप्प बसलो हीच चूक झाली.

मेन्यू म्हणजे जो सगळीकडं असतो तोच. निळं एक, पुदिन्याचं एक, पेरूचं तिखट मीठ लावलेलं, कलिंगडाचं, आणि एक लाल फ्रूट पंच. सगळं सिरपच्या बाटलीतनं. लाल कशाचं विचारलं तर ग्रेनेडाइन म्हणाला. आता हे ऐकून माझं डोकं हललं. ग्रेनेडाइन म्हणजे मुळात डाळिंबाचं सरबत हो, फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनेड म्हणतेत त्यावरनं ते नाव. आणि बाटलीवर बारीक अक्षरात वाचलं तर साखर, पाणी, रंग, फ्लेवर, डाळिंबाचा पत्ता नाही. सोलापुरात बसून! सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, जिकडं बघेल तिकडं डाळिंब, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं सोलापूर डाळिंब, देशाचं डाळिंब संशोधन केंद्र इथं केगावला, आणि पाहुण्यांना आपण पाजणार लाल साखरेचं पाणी. मालक म्हणाला डाळिंब परवडत नाही. मी म्हटलं फळ मी आणतो, तू फक्त वाढ.

एप्रिलला हस्त बहाराचा, म्हणजे पावसाळा संपताना धरलेल्या फुलोऱ्याचा शेवटचा माल असतो. मार्केट यार्डातून १० किलो आणलं, डागी, साल फाटलेलं, रसाला तेच बरं आणि भावात पण बसतं. आदल्या दिवशी रात्री आई, काकू आणि शेजारच्या दोघी दाणे सोडत बसल्या, गप्पा चालू, हात चालू. एकच सांगून ठेवलं की मिक्सरला लावायचं नाही, बी फुटली की रस तुरट होतो, दाणे फडक्यात बांधून पिळायचे. टॉवेलवाल्याच्या घरात फडक्याला काय तोटा, पण बाबांचा नवा पंचा लाल झाला त्यावरनं सकाळपर्यंत बोलणी खाल्ली. चार लिटरला थोडा कमी रस निघाला. ग्लासला ४० मिली धरलं तर शंभरेक ग्लास. लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, वरनं सोडा. हे लिहायचं कारण पुढं येतंय.

रिसेप्शनच्या दिवशी ऊन ४२ च्या घरात. टेम्पो चारला येणार म्हणाले होते, सहाला आला. दोन पोरं बनवणारी, एक हेल्पर. काउंटर लागलं, लाईट लागली, दिसायला छानच दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी मागं गेलो. पाण्याचे २० लिटरचे दोन जार, बस. त्यातच पिण्याचं, त्यातच हात धुवायचं, त्यातच शेकर खंगाळायचं. आमच्याकडं तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं हे सोलापूरकराला काय सांगायचं, लॉनवाल्याकडं टँकरचं पाणी होतं पण ते बाथरूमला. बरं ग्लास तरी प्लास्टिकचे, एकदा वापरून टाकायचे, काचेचे असते तर नऊ वाजता एकाच बादलीत शंभर ग्लास बुडवले असते. मी बघितलंय असं, पुण्यात मोठ्या मोठ्या ठिकाणी.

मग बर्फ. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या, भुशासकट, हेल्पर एक लादी लॉनच्या फरशीवर ठेवून दांडक्यानं फोडत होता, तुकडे फरशीवर उडायचे, हा उचलून बादलीत टाकायचा. मी त्याला थांबवलं. बर्फ पांढरा होता एवढंच समाधान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात २०१८ पासून नियम असा की जो बर्फ खायचा नाही, मासळी वगैरे थंड ठेवायला वापरतात, तो निळा रंग घालूनच बनवायचा म्हणजे लोकांना ओळखू यावा. पण पांढरा आहे म्हणून स्वच्छ आहे असं होत नाही ना, फरशीवरनं उचलला तर. मी ताडपत्री धुवून दिली, फडकी दिली, म्हटलं लादी फडक्यात गुंडाळ आणि वरनं हाण. फडकी आमच्याकडं आहेतच.

किती आणलाय विचारलं. "६० किलो दादा, भरपूर होतं." ३५० माणूस, एप्रिल, उघडं लॉन. आमच्या लाईनीत साधा हिशेब असतो, बंद हॉलमध्ये माणशी अर्धा किलो, उन्हाळ्यात उघड्यावर त्याच्या वर. कारण सगळा बर्फ ग्लासात जात नाही, निम्मा बाटल्या गार करण्यात आणि बादलीत पाणी होण्यात जातो. म्हणजे कमीत कमी १७५ किलो. ह्यांनी आणला ६०. आणि पत्रिकेत सात लिहिलंय म्हणून ह्यांनी सहालाच गोणपाट उघडून ठेवलं. सोलापुरात सातच्या रिसेप्शनला सातला कोण येतं बे? फोटोग्राफर येतो आणि मंडपवाला येतो. खरी माणसं साडेआठला, आणि ती पण सगळी एकदम, कारण सगळे एकमेकांना फोन करून 'निघालास काय' विचारून निघतात.

तसंच झालं. साडेआठला गेटवर गर्दी आणि स्टेजच्या लाईनीपेक्षा काउंटरची लाईन मोठी. आता हिशेब बघा, पुदिना कुटून, लिंबू पिळून, हलवून, गाळून एक ग्लास द्यायला पाऊण मिनिट तरी लागतं. एका हातानं तासाला ८० ग्लास, दोन पोरं म्हणजे १६०, आणि समोर तासाभरात अडीचशे माणूस उभं. त्यात एक पोरगं बाटली फिरवायच्या ड्यूटीवर, म्हणजे ते मिनिटभर बाटली हवेत उडवणार, लोक व्हिडिओ काढणार, लाईन तशीच. असल्या वेळी आधीच तयारी करून ठेवायची असते, लिंबाचा रस आणि पाक मोजून एकत्र करून बाटल्या भरून ठेवायच्या, म्हणजे ऐन वेळी ओतायचं, बर्फ, सोडा, झालं. फक्त पुदिना आधी कुटायचा नाही, काळा पडतो, आणि जास्त कुटला की कडू होतो, तळहातावर दोनदा आपटून तसाच टाकायचा. हे एवढं शिकायला मला एक वर्ष आणि एका बार मॅनेजरच्या शिव्या लागल्या. ह्या पोरांना कुणी शिकवलंच नव्हतं. बाटली फिरवायला मात्र शिकवलं होतं.

आठ चाळीसला बर्फ संपला. घड्याळ बघितलं म्हणून सांगतो. बनवणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी मालकाला फोन लावला, उचलला नाही. चुलतभाऊ बाईक घेऊन गेला, मग बाईकवर बसेना म्हणून कुणाची तरी गाडी घेतली, आणि चार पोती क्यूबचा बर्फ आणला, ८० किलो, १,२०० रुपये. तोपर्यंत वीस मिनिटं लोकांना कोमट निळं पाणी.

निळ्यावरनं आठवलं. आमचे आण्णा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, वय ८१, खुर्चीत बसून सगळं बघत होते. एक पोरगं निळा ग्लास घेऊन गेलं तर त्याला थांबवून विचारले, "काय प्यायलास बे? रेशनचं रॉकेल हाय का हे?" ज्यांनी रेशनच्या लायनीत डबा घेऊन उभं राहिलंय त्यांना तो रंग बरोबर आठवतो, पांढरं रॉकेल वेगळं आणि रेशनचं निळं. अख्खं टेबल हसलं. आणि मला उगाच वाटलं की बर्फ निळा असला की आपण नाही म्हणायचं आणि सरबत निळं असलं की ८० रुपये द्यायचे, चांगलंय.

आता धुराचं, ते गमतीचं नाही. धूर म्हणजे ड्राय आईस, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश. लोकांना वाटतं हा पण बर्फच, फक्त जरा भारी. तोंडात गेला तर जीभ, घसा भाजतो, पोटात गेला तर त्याचा गॅस होऊन फुगतो. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामला एका कॅफेत जेवणानंतर मुखवास म्हणून लोकांना चुकून हाच दिला होता, रक्ताच्या उलट्या झाल्या, ती बातमी सगळ्यांनी वाचली आणि विसरली. नीट वापरायचा तर तो ग्लासात टाकतच नाहीत, बाहेरच्या मोठ्या भांड्यात गरम पाण्यात टाकतात आणि ग्लास मधे ठेवतात, धूर तेवढाच दिसतो. इथं हेल्पर उघड्या हातानं, म्हणजे नुसता कागदी नॅपकिन धरून, खडा उचलून सरळ ग्लासात टाकत होता. आणि समोर कोण उभं, चुलत बहिणीची पोरगी, सहा वर्षांची, दोन्ही हातात ग्लास धरून, खालचा खडा बुडबुडे काढतोय आणि ही स्ट्रॉनं त्याला टोचायलीय. खडा जड असतो, तळाला बसतो, पण संपत आला की हलका होऊन वर नाचायला लागतो आणि पोरं नेमकी तेव्हाच ग्लास तोंडाला लावतात. मी ग्लास हिसकावला, ती रडायला लागली, तिची आई माझ्यावर चिडली, 'अरे बर्फच आहे की'. मी डबा बंद करून टेम्पोत ठेवायला लावला आणि चावी खिशात घातली. मालकाचा फोन आता मात्र आला, "दादा धुराचे पैसे लागलेत तुम्हाला, मग बंद का?" ह्याला काय बोलायचं.

बाटली फिरवणाऱ्या पोराबद्दल लिहायचंय. वीस-एकवीसचं असेल. हात एकदम साफ. सोलापुरातच शिकलेलं, मोबाईलवर बघून, रिकाम्या बाटलीत पाणी भरून गच्चीवर सराव करून. बर्फ आला तसं मी म्हटलं बाटली खाली ठेव, आता दोघं मिळून काढू, मी पाक मोजतो तू ओत. शर्टच्या बाह्या वर करून मी आत उभा राहिलो, नवरीचा भाऊ, कोट काढून. आत्या लांबनं हातवारे करायली की हे काय चाललंय, फोटोला ये. पण पंधरा मिनिटांत लाईन मोडली. त्या पोरानं एकदा सांगितलं की लगेच उचललं, पुदिना हातावर आपटायचा म्हटलं तर दुसऱ्या ग्लासपासून तसंच. मग हळूच विचारलं, "दादा तुम्ही या लायनीतले काय?"

बोलता बोलता कळलं की दुपारी दोनपासून उभा आहे, जेवला नाही. रात्रीचे ६०० मिळणार, ते पण पंधरा दिवसांनी. आमच्याकडनं त्याच्या नावावर ३,००० घेतलेत हे मी त्याला सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं की नाही अजून कळत नाही. माझेच दिवस आठवले. बाहेरनं हे काम लै भारी दिसतं हो, गाणी, लाईट, काळा ॲप्रन. आतून म्हणजे आठ-नऊ तास उभं, ओले बूट, लिंबाचा रस बोटाच्या चिरांमध्ये चरचरतोय, आणि रात्री दीडला इव्हेंट संपला तरी तुमचं संपत नाही कारण बाटल्या मोजायच्या असतात. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग, वाईनचे १५० चे पाच ग्लास, हे पाठ असतं, उघडलेल्या बाटलीत किती उरली ते दहाव्या हिश्शात लिहायचं, आणि पेग कमी भरले तर पगारातून. रिकाम्या बाटल्या पण मोजून फोडायच्या, नाहीतर कुणीतरी त्याच बाटलीत नकली भरून विकतो. पोरींचे हाल तर वेगळेच, प्रमोटर म्हणून उभी राहिलेली पोरगी म्हणजे हिच्याशी काहीही बोललं तरी चालतं असं लोकांना वाटतं. आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हा प्रश्न काम घेतानाच विचारायचा असतो, नंतर कुणी ओळख देत नाही.

एक चांगलं पण होतं त्यात. तिथंच मला कळलं की आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली ह्या वाईन कंपनीचे द्राक्षाचे मळे आणि वायनरी आहे, इटलीतल्या जातींची द्राक्षं लावलेली, सांजोवेझे वगैरे. पुण्यातल्या लोकांना मी ग्लासात ओतून देत होतो आणि ते मला विचारायचे की अकलूज कुठं आलं. सोलापूरच्या पोराला! मी पण आधी अकलूज म्हणजे साखर कारखाना एवढंच धरून चाललो होतो.

असो. त्या पोराला मी ताट आणून दिलं, काउंटरमागं खाली बसून जेवला, पाच मिनिटांत. दुसऱ्याला आणि हेल्परला पण. हे पण ठरवताना विचारत जा लोकहो, काउंटरवाल्या पोरांचं जेवण कुणाकडं. मालकाला वाटतं लग्नवाले देतील, लग्नवाल्यांना वाटतं मालक देत असेल, आणि पोरं आपल्याकडं बघत उपाशी.

चवीचं सांगतो. निळं, नाव मोठं, चव खोकल्याच्या औषधासारखी. पुदिन्याचं बर्फ आल्यावर बरं झालं. कलिंगडाचं पाणचट. पेरूचं मात्र जोरात गेलं, कडेला तिखट-मीठ, सोलापूरच्या माणसाला तिखट दिसलं की हात आपोआप पुढं जातो. एका मावशीनं विचारलं शेंगा चटणी लावलीय काय कडेला. मी घरी येऊन करून बघितलं खरं, चटणी कांडून केलेली असली की तेल सुटतं, ग्लासाची कड तेलकट होते आणि ओठाला शेंगा चिकटतात. नका करू. आणि डाळिंबाचं जिरं घातलेलं आमचं, ते चाळीस मिनिटांत संपलं. विजापूरच्या पाहुण्यांपैकी एक काका तिसऱ्यांदा आले, 'छलो अद', म्हणजे कानडीत छान आहे म्हणाले आणि ग्लास पुढं केला तेव्हा पातेल्यात तळाचा गाळ होता. तरी सगळ्यात जास्त काय संपलं असेल तर जेवणातला मठ्ठा. आचाऱ्यानं ड्रम भरून केला होता, आलं-कोथिंबीर लावून, दहाच्या आत रिकामा.

बिल. रात्री साडेअकराला हेल्परनं कागद दिला, ४१२ ग्लास. म्हणजे वरचे ११२ गुणिले ८०, ८,९६०. मी सामान आल्या आल्या ग्लासांची पाकिटं मोजून ठेवली होती, जुनी सवय. ५० ची नऊ पाकिटं आणली होती. सीलबंद दोन शिल्लक, उघड्या पाकिटात १७. म्हणजे ३३३ गेले, त्यात पोरांनी खेळायला पळवलेले पण आले. तर वरचे ३३, झाले २,६४०. तिथं थोडी बाचाबाची झाली, काका मधे पडले, उद्या बघू म्हणून मिटलं. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः घरी आला, हे त्याचं मी मानतो, फोनवर दम देत बसला नाही. मी सरळ मांडलं, ३२,००० आणि २,६४०, त्यातनं बंद करायला लागलेल्या धुराचे २,५०० वजा, आम्ही आणलेल्या बर्फाचे १,२०० वजा. ३०,९४०. त्यानं आकडा बघितला, आईनं दिलेला चहा संपवला, "वरचे ९४० सोडा" म्हणाला. १०,००० आधी दिले होते, उरलेले दिले, विषय संपला. जाताना मला विचारलं की सीझनला दोन-चार इव्हेंटला येता का, बर्फाचं वगैरे बघायला. मी म्हटलं त्या पोराला जेवायला घाल आधी आणि वेळच्या वेळी पैसे दे, मग बघू. हसला. देतो म्हणाला. देतोय का ते माहीत आहे मला, पोराचा नंबर माझ्याकडं आहे, गेल्या आठवड्यात फोन आला होता त्याचा, दोन इव्हेंटचे आलेत, एकाचे बाकी.

परत बुक करेन का? डिसेंबरात चुलतभावाचं आहे, बहुतेक ह्यांनाच सांगू, कारण आता त्यांना माहीत आहे की आम्ही पाकिटं मोजतो. धूर नाही, निळं नाही, बर्फ आमचा, पाण्याचे जार सहा, आणि हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घेणार. डिसेंबरला डाळिंब पण मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरवातीला धरलेल्या फुलोऱ्याचं चांगलं मिळतं.

गडबडीत त्यांची निळ्या सिरपची एक बाटली आमच्याच सामानात आली, मालक म्हणाला राहू द्या. फ्रिजच्या दारात उभी आहे अजून, कुणी हात लावत नाही. आण्णा आले की रोज विचारतात, स्टोव्ह पेटवून बघितला काय त्याच्यावर.